बाबा, आपला पिचर गेला

सांगलीहून निघाले त्या संध्याकाळी बाबांनी माझी बॅग ट्रॅव्हल्सच्या डिकीत स्वतः ठेवली. क्लीनरला हात लावू दिला नाही. आईने आधी भडंगाची पिशवी दिली, मग मेतकुटाची, मग "प्लेनमध्ये खिडकीशी बसू नकोस, गार लागतं" अशी सूचना दिली. बस सुरू झाली तेव्हा बाबा खिडकीखाली येऊन म्हणाले, "दोन वर्षं. तिसऱ्या वर्षी इकडं." मी जोरजोरात मान हलवली. मी भलतीच खुशीत होते, खोटं कशाला सांगू! आई रडत होती आणि मला मात्र बस एकदाची वळते कधी असं झालं होतं.

माझे बाबा शाळेत पीटीचे सर. रिटायर होईपर्यंत मुलींच्या खो-खोचे कोच. त्यांच्या चांगल्या चांगल्या पोरी नोकरीच्या आमिषाने बाहेरच्या संघांनी उचलल्या. बाबांनी कुणाला अडवलं नाही, पण जी गेली तिच्याशी वर्षभर अबोला. पोरगी पेढे घेऊन दारात उभी आणि सर आतल्या खोलीत पेपर वाचतायत, हे मी लहानपणापासून बघत आले होते. मला हसू यायचं तेव्हा.

मी आले ती २०१४ च्या नोव्हेंबरात, आयर्लंडमधल्या कॉर्कला. नोकरी जवळच्या रिंगास्किडीच्या एका औषधांच्या कारखान्यात, क्वालिटीच्या लॅबमध्ये. एका बाजूला कारखान्यांची रांग, दुसऱ्या बाजूला बंदर, आणि मधून असला वारा की वेणी घातली काय नि न घातली काय! बसचा काही नेम नसायचा म्हणून लॅबमधली नोरीन मला रोज तिच्या गाडीतून नेऊ लागली. पन्नाशी ओलांडलेली बाई, अर्धं आयुष्य बॉस्टनमध्ये काढून परत आलेली. येताना तिने सोबत काय आणलं, तर बेसबॉलचं वेड, तेही बॉस्टनच्याच टीमचं.

आता गंमत ऐका. बेसबॉल खेळतात उन्हाळ्यात. थंडीत मैदानं बंद. पण टीमचा खरा बाजार भरतो तो थंडीतच. कुणाचा करार संपला, कुणाला कुणी घेतलं, कुणी दोन नवे पोरगे देऊन एक तयार पिचर, म्हणजे बॉल टाकणारा, आणला, याचीच चर्चा चार महिने. मी पोचले ती नेमकी या बाजारात. बॉल बघितला नाही, बॅट बघितली नाही, आणि रोज सकाळी गाडीत बसून "आपल्याला एक डावखुरा पिचर पाहिजेच" म्हणून मान डोलावत होते. मुलगा-मुलगी न बघताच लग्नाच्या बैठकीला जाऊन बसल्यासारखं. नोरीन प्रत्येक खेळाडूला "युअर मॅन" म्हणायची, इकडे त्याचा अर्थ नुसता 'तो गडी', त्यामुळे कोण गेला आणि कोण आला हे कळायलाच मला जानेवारी उजाडला.

पण मजा यायची हो! खेळ नसताना प्रत्येक जण हुशार असतो. आमच्या टीमने कुणाला घ्यावं हे आम्हा दोघींना टीमच्या मालकांपेक्षा जास्त कळत होतं. लॅबमध्ये चहाच्या वेळी नोरीन प्रेसमधून, म्हणजे कपाटातून, कप काढता काढता एखादा ट्रेड, म्हणजे खेळाडूंची अदलाबदल, सांगायची आणि मी म्हणायची, "नाही नाही, हे डोंबलाचं डील आहे." कुणाच्या तरी बाजूने भांडता आलं की परकं गाव जरा आपलं वाटतं. इथे आलेल्या तुमच्यातल्या कुणी फुटबॉल धरला असेल, कुणी मंडळाचा गणपती. मी थंडीतला बेसबॉल धरला.

दर रविवारी घरी फोन. आईचं "जेवलीस का, काय जेवलीस" झालं की फोन बाबांकडे, आणि बाबांकडे बोलायला काही नसायचं. "हवा कशी आहे?" "पाऊस आहे." "बरं." एवढंच. एका रविवारी त्या पोकळीला कंटाळून मी त्यांना एक ट्रेड सांगून टाकला. बाबा म्हणाले, "त्या पोराला विचारलं का, जातोस का म्हणून?"

"नाही बाबा. सकाळी फोन येतो. बॅग भरायची आणि जायचं."

"मग हे तर आपल्याकडच्या पोरींच्या लग्नासारखंच की!"

मी सांगितलं, मोठे खेळाडू करारात लिहूनच घेतात की मला विचारल्याशिवाय कुठे पाठवायचं नाही. बाबा खो खो हसले आणि फोन तसाच धरून स्वयंपाकघराकडे ओरडले, "ऐकलंस का? तुझ्या बापाला हे आधी माहीत असतं तर मी मेलोच होतो!" आईने काय उत्तर दिलं ते मला ऐकू आलं नाही, पण भांडं जोरात आपटल्याचं आलं.

तिथून पुढे रविवार आमचा झाला. बाबा प्रश्न काढून ठेवायचे. पिचर पाठीत वाकतो का? शॉर्टस्टॉप म्हणजे आपल्या खो-खोतला कुठला? जुना माणूस सोडून नवा घेतला, तर जुन्याला आधी घरी जाऊन सांगतात की पेपरात कळतं? दुसऱ्या वर्षी थंडीत आमचा दाढीवाला पिचर करार संपवून न्यूयॉर्कला, म्हणजे थेट आमच्या दुश्मनांकडे गेला. मी फोनवर म्हटलं, "बाबा, आपला पिचर गेला." तर बाबा असे तडकले की बास. "न्यूयॉर्कला? त्यांच्याकडं? त्याला खायला घालून मोठा कुणी केला?" सांगलीत बसून, ज्याचा एकही सामना पाहिला नाही त्याच्यावर माणूस एवढा चिडू शकतो, याचा मला आनंदच झाला. मी नोरीनला सांगितलं तर ती गाडी चालवता चालवता डोळे पुसेपर्यंत हसली.

दोन वर्षं संपत आली. कंपनीने परमनंट होतेस का म्हणून विचारलं. आणि मला राहायचं होतं, एवढं साधं होतं ते. लॅबमध्ये माझं ऐकलं जात होतं. रविवारी सकाळी बंदराकडे चालत जायचं, आलेलं जहाज बघायचं, वाऱ्याला शिव्या घालायच्या, हे सगळं मला आवडत होतं. परत जाण्याचं नुसतं मनात आलं तरी इथलंच काही सुटेल असं वाटायचं. पण बाबांना सांगायचं कसं? तिसऱ्या वर्षी इकडं, म्हणाले होते ना.

शेवटी एका रविवारी, नव्या साइनिंगच्या गप्पा ऐन रंगात असताना म्हटलं, "बाबा, मीही इथे साइन करतेय. परमनंट."

"बरं," बाबा म्हणाले आणि फोन आईकडे दिला.

पुढच्या रविवारी बाबा फिरायला गेले होते. त्याच्या पुढच्याही. आई म्हणायची, "अगं, बाहेर आहेत," आणि मागून त्यांचं खोकणं स्पष्ट ऐकू यायचं. मला हसू येईना. पेढे घेऊन दारात उभं राहणं काय असतं ते आता कळलं. त्या थंडीत आमच्या टीमने काय काय केलं, आणि सांगायला माणूसच नाही! नोरीन म्हणाली, ती बॉस्टनला निघाली तेव्हा तिचे वडील गोठ्यातून बाहेरच आले नव्हते, आणि कायमची परत आली तेव्हाही गाईचं दूध काढत होते. "ही'ल बी ग्रँड, शुभा," म्हणाली, म्हणजे येतील ते ताळ्यावर. मला काही तसं दिसत नव्हतं.

सही करून जानेवारीत सुट्टीवर गेले. सांगलीत उतरताना वाटलं, बाबा आलेच नसतील. बसच्या पायरीवर पाय ठेवला आणि समोरून टाळ्या सुरू झाल्या. बाबा उभे होते, जुना ट्रॅकसूट घालून. शेजारी आई, अर्धी लाजून, अर्धी हसून. आणि मागे बाबांच्या खो-खोतल्या पाचसहा पोरी, आता संसारी बाया, त्यातल्या दोघी तर अबोल्यातल्या. सगळे टाळ्या वाजवतायत. कुणाचा सत्कार आहे हे माहीत नसलेले दोन रिक्षावालेही वाजवायला लागले. क्लीनर माझ्याकडे टकामका बघत होता. थांबेचनात!

"बाबा, काय हे! लोक बघतायत," मी म्हटलं.

"बघू देत की. तुमच्याकडं असंच करतात." बाबांना नवं सिम मिळालं होतं, डेटा फुकट, आणि फिरायला म्हणून न गेलेले सगळे रविवार माणूस मोबाइलवर बेसबॉलचे जुने सामने बघत बसला होता. "मी बघितलं ना. तुमचाच कुणीतरी जुना खेळाडू होता, नाव विसरलो. दुसऱ्या संघात गेलेला. त्यांचाच शर्ट घालून तुमच्या मैदानावर खेळायला आला. मला वाटलं, आता ह्याला शिव्या बसणार. तर सगळं मैदान उठून उभं! तो टोपी काढून हात करतोय, ह्यांच्या टाळ्या संपेनात." मग जरा खाली बघत म्हणाले, "आम्हाला हे कुणी शिकवलंच नाही गं. आमच्या पोरी गेल्या की आम्ही नुसतं तोंड फिरवत बसलो."

मागे उभी असलेली एक ताई भर स्टँडवर रडायला लागली. मग मीही.

घर कुठलं, असं मला इथे बरेच जण विचारतात. माझं कॉर्कला आहे, भाड्याचं, वारा आत येणारं, आणि मी तिथे मजेत आहे. आणि सांगलीलाही आहे, जिथे मी कायमची गेले हे माहीत असूनही माझ्यासाठी माणसं उठून उभी राहिली. दोन्ही खरी आहेत. निघताना मला वाटलं होतं, एकच ठेवता येतं.

बाबांनी माझी बॅग उचलली, रिक्षात टाकली आणि मला आत सरकवून शेजारी बसले. "डोळे पूस. आणि आता मला आधी सांग, यंदा तुम्ही कॅचर का घेतला नाही?"