अळणीचा वाडगा

लालासाब आचारी खुर्चीवर टेकेल तर शपथ! कागलपासून आजऱ्यापर्यंत तीस वर्षं लग्नांतलं मटण शिजवलेला हा गडी दवाखान्याच्या व्हरांड्यात नुसत्या येरझाऱ्या घालत होता. हातातल्या रिपोर्टात पोटॅशियम पुन्हा वाढलेलं. किडन्या अशाच खालावत गेल्या तर डायलिसिस, हे डॉक्टरांनी रोखठोक सांगितलेलं. आठवड्यातनं तीन दिवस मशीनला जुंपलेल्या आचाऱ्याला कामाला कोण बोलावणार?

संताप याचा की त्यानं पथ्य मोडलं नव्हतं. मीठ नावाला. भाज्याही चिरून, उकळून, पाणी मोरीत ओतून खायचा.

आत आहारतज्ज्ञ पूर्णिमाबाईंनी विचारलं, "काल काय काय खाल्लं?"

"भाकरी, दोडका. आन् वाडगाभर अळणी."

"अळणी?"

"तिखटमीठ घालायच्या आधी मटणाचा रस्सा काढून ठेवत्यात, त्यो. आमच्यात आजाऱ्याला त्योच देत्यात. मीठ न्हाय की त्यात! घरची दिसाआड करती."

"मामा, भाजीचं पाणी का ओतता?"

"त्यातनं पोटॅशियम जातंय म्हणून."

"मग मटणातलं कुठं जातं?"

"रश्श्यात की!" लालासाबनं कपाळावर हात मारला. हाडामासाचा अर्क पाण्यात उतरवण्यात हयात गेली, आणि एवढं कळू नये! त्याला स्वतःची लाज वाटली.

"दोन लहान तुकडे खा, पण रस्सा नको," बाई म्हणाल्या. "लसूण, आलं, मिरी घाला. चवीचं तुम्हाला मी काय शिकवू?"

रविवारी त्यानं स्वतःच मटण शिजवलं. रश्श्याचं पातेलं घेऊन मोरीपर्यंत गेला, परत आला, झाकण ठेवलं, पुन्हा उचललं. शेवटी डोळे मिटून ओतलं. दोन तुकडे लसूण-मिरीवर परतले. खाल्ले, आणि खरंच बेस लागले.

"झ्याक जमलंय," तो बायकोला म्हणाला. "जेव की जरीना."

जरीना मोरीकडं बघत होती. "तुम्ही पोट भरलंय म्हणत हुता," ती म्हणाली. "तरी मीच शपथ घालून अळणी पाजली. सा महिनं."

"मी आचारी असून मला कळलं न्हाय, तुला कुठनं कळणार?" लालासाब म्हणाला. "माझ्या आईनं बी हेच केलं असतं."

पण जरीनाचा हात काही ताटाकडं गेला नाही.