अक्कांनी धुतलेलं रोमन नाणं

प्रिय ईशा आणि निहार,

गेल्या रविवारी फोनवर तुमचा बाबा हसत म्हणाला, "आजोबांचं ते रोमन नाणं अक्काआत्याने घालवलं." तो तेव्हा हॉस्टेलवर होता, त्याने काहीच पाहिलेलं नाही. अक्का आता नाहीत, म्हणून तुमची ही आजीच लिहून ठेवते. असल्या अजब गोष्टी कुणी सांगू लागलं की मी विषय बदलते... तरीही.

१९८७ची दिवाळी, आमचं डोंबिवलीचं घर. आजोबांकडे तांब्याची अकरा रोमन नाणी होती. रोमन नाण्यांवरचे सम्राट बहुधा उजवीकडे पाहतात. डावीकडे पाहणारा क्वचित मिळतो. आजोबांकडे तसा एकच होता. प्रत्येक नाण्यावर कागद ठेवून, वरून पेन्सिल घासून ते वहीत ठसा घेत.

त्यांची थोरली बहीण अक्का ठाण्याला, टेंभी नाक्यावर राहत. लक्ष्मीपूजनाला त्या आमच्याकडे आल्या आणि पूजेसाठी सगळी नाणी चिंचेने घासून त्यांनी लख्ख केली.

"अक्का, जुनी नाणी घासतात का कधी?" आजोबा ओरडले.

"अरे, लक्ष्मीपुढे काळी नाणी मांडू? तुझ्या सम्राटांची शेवटची आंघोळ कधी झाली होती?"

मला हसू आलं. मग आजोबांनी ते नाणं उचललं. सम्राट उजवीकडे पाहत होता. कडेची खाच तीच, चेहरा मात्र फिरलेला!

"कुणाशी बदललंस? खरं सांग."

"चोर म्हणतोस मला?"

पूजा होताच पिशवी भरून अक्का ठाण्याला गेल्या. भाऊबीज दोन दिवसांवर होती, आणि त्यांना भाऊ हा एकच.

पाडव्याला दुपारी मी स्वतः त्या नाण्यावर कागद ठेवून पेन्सिल घासली. ठशातला सम्राट डावीकडे पाहत होता, अगदी वहीतल्यासारखा. असा ठसा उलटा उमटत नाही. घरात एखादं नाणं घेऊन करून बघा. मी तीनदा घेतला, मग आजोबांनी घेतला. नाण्यावर उजवीकडे, कागदावर डावीकडे. बाकीची दहा नाणी जशीच्या तशी उमटली.

भाऊबीजेला आम्ही दोघं टेंभी नाक्याला गेलो. ओवाळणीचं तबक तयारच होतं.

"अक्का, नाणं तेच आहे. माझं चुकलं. हे कागद बघ..."

"ठेव ते तिकडे. आधी पाटावर बस, निरांजन विझेल."

पुढे आजोबांनी दोन जाणकारांना नाणं दाखवलं. एकाने ठसा घेतला, पुन्हा घेतला आणि चहा न पिताच निघून गेला. दुसरा नुसताच हसला. उलगडा मला आजही झालेला नाही.

वही आणि ते चार कागद माझ्या कपाटात आहेत. नाणीही आहेत, अकराच्या अकरा.