बिटाचा रस आणि माझी झोप

घरातल्या सगळ्यांना माझ्या रक्ताची काळजी होती. झोपेची एकालाही नव्हती.

सातपूरच्या कारखान्यात मी आणि नवरा दोघंही पाळीनं जातो, रात्रपाळी दोघांनाही चुकत नाही. माझ्या गर्भाशयातली गाठ काढायची ठरली, पण हिमोग्लोबिन इतकं कमी, की डॉक्टरबाईंनी ऑपरेशनची तारीखच दिली नाही. आधी रक्त वाढवून या, म्हणाल्या. झालं! घर कामाला लागलं. सासूबाईंनी चांदवडहून लोखंडी कढई मागवली. शेंगदाण्याचे लाडू, खजूर, पालक, वर रोजची लोहाची गोळी. आकडा काही हलेना. आणि दोष कुणाचा? माझाच. "मनापासून खात नसेल," नणंद फोनवर म्हणाली. लोह काय मनातून रक्तात उतरतं?

खरं काय चाललं होतं ते सांगते. रात्रपाळी करून मी सकाळी आडवी व्हायचे. डोळा लागतो न लागतो तोच स्वयंपाकघरात मिक्सर घरघरायचा. बिटाचा रस, माझ्यासाठीच! मग सासूबाई दंडाला धरून हलवायच्या, "ऊठ पोरी, रस घे. रक्त वाढाया पाहिजे ना." मोडलेली झोप पुन्हा येत नसे. नवऱ्याची रात्रपाळी असली की मात्र याच घरात कुकरची शिट्टीसुद्धा वाजत नाही. पोरं कुजबुजत बोलतात. त्याचं जेवण त्याला जाग येईल तेव्हा. हे आठवलं की अजून तळपायाची आग मस्तकात जाते.

पुढच्या तपासणीला सासूबाई सोबत आल्या. डॉक्टरबाईंनी पहिल्यांदाच विचारलं, "झोप किती होते?"

मी तोंड उघडायच्या आत सासूबाई म्हणाल्या, "झोपते की! दिवसभर पडूनच राहते."

डॉक्टरबाईंनी मग नीट समजावलं. झोप सतत मोडत राहिली तर अंगात बारीक सूज राहू शकते. अशा वेळी यकृत एक द्रव्य जास्त सोडतं आणि खाल्लेलं लोह आतड्यातच अडतं, रक्तात पोचत नाही. "गाठीमुळे रक्त जातंय, ते आहेच. गोळ्या चालू ठेवा. पण हिला झोपू द्या."

मला राहवलं नाही. तिथंच विचारलं, "आई, ते झोपलेले असताना तुम्ही मिक्सर लावता का?" त्यांनी पदर सारखा केला आणि पिशवी उचलली.

पुढच्या रात्रपाळीनंतर घर खरंच शांत होतं. मिक्सर नाही, टीव्ही नाही. मी गाढ झोपले. आणि दंडावर हात पडला.

"ऊठ पोरी, रस घे," सासूबाई हळूच म्हणाल्या. "मिक्सर नाय लावला. किसून फडक्यानं पिळलाय."

त्यांचे हात मनगटापर्यंत लाल झाले होते. मला रडू आलं, रागानंच. पेला घेऊन खाली ठेवला, त्यांना धरून खोलीबाहेर नेलं आणि दाराला आतून कडी घातली. लग्न झाल्यापासून भर दिवसा, पहिल्यांदाच.