धार काढणारा हात

आमच्या ईट गावच्या स्टँडवर मला सोडायला थोरला भाऊ, दादा, धार काढून तसाच आला होता. हाताला दुधाचा वास. मी पुण्याला हातांवरच्या उपचारांचं शिकायला निघालोय हे ऐकून म्हणाला, "नुसत्या हाताचं? मग पायाला कुनी दुसरं ठिवलंय का?" अख्खी एसटी हसली. आईनं एवढंच बजावलं, "इकडची काळजी करू नको." गाढवानं ते मनावर घेतलं. गाढव म्हणजे मी.

आता पुण्यात माझं क्लिनिक आहे. आखडलेली बोटं मोजतो, हाताला आधार देणारे स्प्लिंट बनवतो, व्यायाम देतो. लोक 'सर' म्हणतात. गेल्या वर्षी व्हिडिओ कॉलवर दादा डाव्या हातानं चहा पिताना दिसला, तेव्हा या सरांनी काय करावं? "डावखुरे कवा झालात, दादा?" म्हणून फिदीफिदी हसले. दादाही हसला. उजवा हात स्क्रीनच्या बाहेर होता.

पुतणीच्या साखरपुड्याला गेलो तेव्हा कळलं. गोठ्यात घसरून दादाचं मनगट मोडलं होतं. प्लास्टर निघूनही तीन महिने उलटले होते. बोटं हलवत राहा, इतकं साधं कुणी सांगितलं नव्हतं. घरच्यांनी तर मायेनं हात गळ्यातच बांधून ठेवला. आता मूठ मिटत नव्हती. वहिनी एकटीच चार म्हशींची धार काढून थकली होती आणि येत्या बाजारी म्हशी विकायचं ठरत होतं. म्हशी गेल्या की घरची खव्याची भट्टीही गेली.

मी रुबाबात पकड मोजायचं यंत्र काढलं, फॉर्म काढला. शर्टाची बटणं लावता येतात? चावी फिरवता येते? दादानं सगळं ऐकून घेतलं.

"ह्यात म्हशीचं सड कुठं हाय?"

नव्हतं. आमच्याकडं अंगठा मुडपून त्यावर सड दाबत धार काढतात, हे जन्मभर पाहिलेलं मी पार विसरलो होतो. भडकलो. फॉर्म भिरकावला. "जगाचे हात नीट करतो मी! मला का न्हाय सांगितलं?"

भाकरी थापता थापता आई म्हणाली, "तूच म्हणला व्हतास, कामाच्या येळंला फोन लावू नका."

तो राग अजून उतरलेला नाही. प्लास्टर घालून मोकळ्या झालेल्या डॉक्टरवर आहे, स्वतःवर तर आहेच. आणि गावात मागं राहिलेल्यांनो, तुमच्यावरही आहे. 'त्याला कशाला तरास' हे शहाणपण पुरे करा. तो त्रास आमच्या हक्काचा आहे. बाहेर पडलेल्यांनो, तुम्ही फोनवर नीट बघा, खोदून विचारा.

दुसऱ्या दिवशी रबरी हातमोज्यात पाणी भरून तो गोठ्यातल्या खुंटीला टांगला, मोज्याच्या बोटाला सुईनं भोक पाडलं आणि दादाला म्हणालो, "काढा धार." पहिली धार माझ्या पँटवर. वहिनी तोंडाला पदर लावून हसली. त्या बाजारी दोन म्हशी गेल्याच. दोन राहिल्या, त्यांची धार आज दादा काढतो, सावकाश. अंगठा पुरता मुडपत नाही, बहुतेक कधी मुडपणारही नाही.

दुखलं की तो भर क्लिनिकमध्ये फोन करतो. "आखडलंय की रं, मुडद्या! काय शिकलास तिथं?" पेशंटला थांबवून मी शिव्या खातो. ज्या दिवशी दुखत असूनही नुसतं "बरं हाय" म्हणून तो फोन ठेवेल, त्या दिवसापासून ईटमध्ये मी पाहुणा.