दर्या कागदाच्या खालीच

वर्षाली तारीच्या दुकानात जाऊन घराचा नकाशा काढायला सांगितलात, की तिचा पहिला प्रश्न ठरलेला, दर्या खंय आसा? मग तुमचं घर किनाऱ्यापासून कितीही आत का असेना. तुम्ही हात करून दाखवलात की ती बाजू कॉम्प्युटरवर खालच्या अंगाला धरायची आणि घर त्याच्या वर चढवत न्यायचं, ही तिची रीत. जामसंड्याच्या बाजारात एवढंसं दुकान आहे तिचं. आयटीआयला ड्राफ्ट्समनचा कोर्स करून ती आधी दुसऱ्याकडे नोकरीला होती. एकदा मालकाने चहा करायला सांगितला. तिने केला, स्वतःपुरता, आणि तो पिऊन नोकरी सोडली.

ती मूळची मिठबावच्या किनाऱ्यावरची. आई यमुनाबाई मासे विकते आणि पावसाळ्याच्या बेगमीला सुकवतेही. त्या वाडीत ‘खाली’ म्हणजे दर्यावर आणि ‘वर’ म्हणजे सड्यावर, कातळाच्या पठारावर. कुणी खाली गेलाय म्हटलं की तो होडीपाशी सापडणार. नकाशात उत्तर वर असते हे वर्षालीला शाळेत शिकवलं होतं, पण ते शाळेपुरतं. गिऱ्हाइकांची कधी तक्रार आली नाही, कारण गिऱ्हाइकंही तिच्याच मुलखातली.

मग एक दिवस ग्रामपंचायतीत एका कंपनीने काढलेला मोठा नकाशा लागला. किनाऱ्यावर पर्यटकांच्या गाड्यांसाठी वाहनतळ होणार होता. नकाशात विहीर होती, माड होते, गटाराची मोरीसुद्धा होती. बायकांची मासे सुकवायची जागा मात्र ‘मोकळी जागा’ म्हणून पांढरी सोडलेली, आणि तिच्यावरच गाड्यांचे चौकोन आखलेले. वास्तविक तिथे घरागणिक पट्टे ठरलेले आहेत. सासूकडून सुनेकडे आलेले, हद्दीला एकेक दगड. यमुनाबाईंच्या पट्ट्यात पाऊल टाकताना शेजारणीची कोंबडीसुद्धा विचार करते. ही जागा गेली, तर पावसाळ्यात होड्या वर ओढल्यावर वाडीतल्या चुलींवर काय शिजणार, हे कुणी विचारलं नव्हतं.

हरकत घ्यायची तर आपला नकाशा कॉम्प्युटरच्या फाइलमधून द्या, असं सांगण्यात आलं. मासेवाल्या बायका कुठली फाइल देतायत, असा त्यामागचा हिशेब असावा. तो वर्षालीला झोंबला. टेप घेऊन ती खाली गेली, विहिरीपासून सुरुवात करून दगड न् दगड मोजला आणि प्रत्येक पट्ट्यावर त्या त्या बाईचं नाव घातलं. मग तिने त्याची डीएक्सएफ फाइल केली. तशी केली की तिच्या साध्या सॉफ्टवेअरमधलं काम कंपनीच्या महागड्या सॉफ्टवेअरमध्येही उघडतं. दर्या अर्थातच खाली होता. उत्तरेचा बाण काढायचा राहिला, असं नंतर सगळे म्हणाले. राहिला कसला, तो तिच्या मनातही आला नव्हता.

सुनावणीला तालुक्याहून अधिकारी आले आणि कंपनीचा इंजिनियर आला. भिंतीवर प्रोजेक्टरचा पडदा लावला. इंजिनियरने वर्षालीची फाइल आपल्या नकाशात घेतली आणि तिची विहीर आपल्या विहिरीवर नेमकी बसवली. त्याबरोबर विहिरीपासून निघालेले सगळे पट्टे, किनाऱ्याच्या कडेने जायचे ते, तडक दर्यात घुसले. ही मासे सुकवायची जागा आहे की भिजवायची, असं इंजिनियरने विचारलं आणि सभागृह हसलं. वाडीतले पुरुषही हसले, ते वर्षालीला जास्त लागलं. यमुनाबाई मात्र हसल्या नाहीत.

“आमची जागा दर्यात कशी गेली गो?” त्यांनी लेकीला विचारलं.

 काय झालंय ते वर्षालीला दिसलं होतं. तिने सरळ सांगून टाकलं, की चूक माझी आहे, मी आमच्या रीतीने दर्या खाली धरला आणि यांची उत्तर वर आहे, म्हणजे दर्या डाव्या हाताला; माझा नकाशा एकदा फिरवला की बरोबर बसेल. अधिकारी म्हणाले की मुदत संपली, आता हरकतीच्या नकाशात काही बदलता येणार नाही, आहे तसाच विचारात घेऊ. म्हणजे केराची टोपली. इंजिनियर लॅपटॉप मिटू लागला.

वर्षाली उठली आणि पडद्यापुढे जाऊन उभी राहिली. नकाशातला सगळा किनारा तिच्या अंगावर पडला होता.

“माझा नकाशा फिरवायचा नाही ना?” ती म्हणाली. “ठीक आहे, त्याला हात लावू नका. तुमचा फिरवा.”

असं करता येत नाही, असं अधिकारी म्हणाले. कुठल्या नियमाने, असं तिने विचारलं. त्यांनी कागद खालीवर केले. कंपनीचा नकाशा आडवा करू नये असं कुणी लिहून ठेवलं नव्हतं, कारण तसं मागणारं आजवर कुणी भेटलंच नव्हतं. याला बराच वेळ लागेल, इंजिनियर पुटपुटला. मी थांबते, असं ती म्हणाली आणि तिथेच उभी राहिली. मागे बायकांनी जमिनीवर बैठक मारली. यमुनाबाईंनी पानाची चंची सोडली.

वेळ काही लागला नाही. कंपनीचा नकाशा वळला, दर्या खाली आला आणि पट्टे किनाऱ्यावर जागच्या जागी बसले. गाड्यांच्या चौकोनांवर आता नावं होती. यमुनाबाई, जानकी, अक्षया आणि पुढे सगळ्याजणी. एकही गाडी लावायला जागा उरली नव्हती.  जिला वाचता येत नव्हतं तिला शेजारीण तिचं नाव बोटाने दाखवत होती. वर्षालीला रडू येत होतं, पण इंजिनियरसमोर रडायला ती काही वेडी नव्हती. पुढच्या वेळी उत्तर वर ठेवा मॅडम, असं त्याने हळूच सुचवलं. तिने हो म्हटलं नाही.

वाहनतळ वर रस्त्याच्या कडेला सरकला. नवा नकाशा ग्रामपंचायतीत लागला, पट्ट्यांसकट, पण पुन्हा उत्तर वर आणि दर्या डाव्या हाताला. यमुनाबाई मासे विकून परतताना तो बघायला गेल्या. टोपली खाली ठेवून त्यांनी बराच वेळ बघितलं, मग नकाशा खिळ्यांसकट काढला, आडवा केला आणि वरवंट्यासारखा दगड शोधून आणून पुन्हा ठोकू लागल्या. सरकारी नकाशा असा फिरवायचा नसतो, असं शिपाई मंगेश घाईघाईने सांगू लागला.

“माका माझो पट्टो बघूक मान वाकडी करूची नाय,” यमुनाबाई म्हणाल्या आणि त्यांनी शेवटचा खिळा ठोकला.