ओढ्यापल्याडची राणी

नाटकवाल्या मॅडमना "परीक्षेला काय येईल?" असं विचारलेलं अजिबात खपायचं नाही. आखाडा बाळापूरच्या कॉलेजात त्या आम्हाला तासिका तत्त्वावर इंग्रजी शिकवायच्या, म्हणजे नोकरी दरवर्षी नव्याने मिळवायची. तरी गाइड बाजूला सारून म्हणायच्या, "नाटक मागून वाचा. आधी ते कोणाच्या नाकावर टिच्चून झालं, ते ऐका."

मग तास रंगायचा. जुन्या लंडनात नाटक म्हणजे पोरं बिघडवणारा धंदा. शहराच्या कारभाऱ्यांना ते वेशीच्या आत नको होतं, म्हणून नाटकवाल्यांनी नदीपलीकडे नाटकघरं बांधली. खेळ भर दुपारी, उन्हाच्या उजेडात. गरीब माणसं पुढे उभ्यानेच बघायची. "आपल्या तमाशावानी की, मॅडम!" कुणीतरी म्हणायचं. "बराबर," त्या खुलायच्या, "साहेबाचं नाटक बी वेशीबाहेरच वाढलं." बायकांची कामं मात्र मिसरूड न फुटलेली पोरं करायची, हे सांगताना त्यांचा आवाज चढायचा.

स्नेहसंमेलनासाठी त्यांनी अभ्यासातल्याच एका नाटकातला राणीचा प्रवेश मराठीत बसवला आणि राणी मला दिली. मला ते काम जिवापाड हवं होतं. तालमी रंगात आल्या आणि प्राचार्यांनी बोलावलं. "गावात चर्चा होऊन राहिली, मॅडम. पोरगी कशाला? एखाद्या पोराला नेसवा की लुगडं."

"सर, ही आयडिया चारशे वर्षं जुनी हाय," मॅडम म्हणाल्या. "तिकडं बी कवाच सोडून दिली लोकांनी."

हॉल मिळाला नाही. मी रडायला लागले, तर मॅडम माझ्यावरच डाफरल्या. "रडून काहून राहिली? त्यांनी नदी ओलांडली, आपल्याला ओढा ओलांडता येत न्हाई व्हय?"

बाजाराच्या दिवशी, ओढ्यापलीकडे एका मैत्रिणीच्या खळ्यावर, भर दुपारी आम्ही खेळ केला. पडदा नाही, दिवे नाहीत. त्यामुळे वीज गेलेली कुणाला कळलीही नाही. पिशव्या हातात घेऊन माणसं उभ्याने बघत होती. माझे वडील सगळ्यात मागे. एकाने शिट्टी मारली, तेव्हा त्यांनी त्याच्याकडे नुसतं वळून पाहिलं. पुन्हा शिट्टी वाजली नाही. घरी आल्यावर एवढंच म्हणाले, "आवाज मागपर्यंत येऊन राहिला व्हता."

पुढच्या वर्षी मॅडमना कॉलेजचं बोलावणं आलं नाही. मला भयंकर राग आला होता, अजूनही येतो. स्टँडवर नांदेडच्या गाडीत चढताना त्यांनी माझा हात दाबला. "मी गेले म्हणून काय झालं? राणी पोरीनंच केली. ते आता कोणाला पुसता येत न्हाई."

मी सध्या हट्टा गावच्या शाळेत शिकवते. मुलींच्या नाटकाला यंदा सभागृह मिळणार नाही, असं हेडसरांनी परवा सांगितलं. मी वाद घातला नाही. वर्गात गेले आणि पोरींना म्हणाले, "चला गं, ओढ्यापल्याड जागा बघून येऊ."