मामांचा गठ्ठा

मामा कुणालाही कागद देण्याआधी त्याच्या पाठीमागे बघायचे. मागे आणखी कुणी उभं नाही ना, याची खात्री झाली की विचारायचे, "काहून पाहिजे?" माणूस काहीही सांगो, पुढचा प्रश्न ठरलेला. "सभागृहात मांडलं का?"

नागपूरच्या अधिवेशनात आम्ही दोघं विधिमंडळाच्या कागदांच्या कोठीवर होतो. मी हिंगोलीचा, ते सिद्धेश्वर धरणाच्या खालच्या एका खेड्यातले, त्या नात्याने मामा. विधेयकं, अहवाल छापून कोठीत यायचे आणि सभागृहात मांडले की आमच्या खिडकीतून आमदारांना वाटले जायचे. त्याआधी चिटोरंही बाहेर जायचं नाही, असा नियम. मामांचा छापखान्याच्या सुतळीवर भरवसा नव्हता. बैलाचं दावं बांधावं तशी ते वरून स्वतःची गाठ मारायचे आणि महत्त्वाचा गठ्ठा असला तर त्यावरच बसायचे.

एका आमदारांनी एकदा लाडीगोडी लावून पाहिली. "मामा, अहवाल आलाय म्हणे?"

"आला असंल. मांडला न्हाई."

"अहो, नुसता चाळतो."

"चाळलेला कागद मला वळखू येतो, साहेब."

जेवणाच्या फडक्यालाही तीच गाठ. सोडण्याआधी ते ती निरखायचे, मग माझ्याकडे बघायचे. मी त्यांची भाकरी कधीच चोरली नव्हती, पण त्या नजरेपुढे माझी मलाच खात्री वाटेनाशी व्हायची.

दुष्काळ नुकताच सरला होता. अशात एका सकाळी त्यांचा धाकटा भाऊ गावाहून आला. हातात भाकरींचं गाठोडं होतं. ते खिडकीत ठेवून म्हणाला, "दादा, कालव्याचा नवा फाटा माझ्या रानातून जाणार हाय का, एवढंच सांग. गिऱ्हाईक दारात बसून राहिलं. पाणी येणार नसंल तर इकतो आन् औंढ्याला दुकान टाकतो."

कालव्याचा अहवाल मामांच्या बुडाखालीच होता. मांडायला आठवडा होता.

"मला ठाव न्हाई," मामा म्हणाले.

"मग बघ की सोडून."

"मांडलं न्हाई अजून."

भावाने माझ्याकडे पाहिलं, मी सुतळीकडे. मामा म्हणाले, "विहीर आटलेल्या रानासाठी कोन दारात बसून राहतं? त्याला काहून घाई हाय? इकू नको."

"ठाव न्हाई म्हनतोस आन् इकू नकोबी म्हनतोस?" भाऊ उठला आणि मागे न बघता गेला. गाठोडं तिथंच राहिलं.

मला मामांचा भयंकर राग आला होता. सख्ख्या भावासाठी एवढंही नाही? दुपारी त्यांनी ते गाठोडं मांडीवर घेतलं. गाठीकडे पाहिलंसुद्धा नाही, तसंच सोडलं आणि खाली मान घालून सगळ्या भाकरी खाल्ल्या. मला एक तुकडाही विचारला नाही. मग मला रागावता येईना.

भावाने रान विकलं. अहवाल मांडला गेला, आणि फाटा नेमका त्याच रानातून निघाला. गावाने ठरवूनच टाकलं की मामांना सगळं ठाऊक होतं, गिऱ्हाईकही त्यांचंच होतं. भावाने बोलणं तोडलं.

"जल्मभर मी लोकांवर शक घेतला," मामा मला म्हणाले. "आता लोक माझ्यावर घेऊन राहिले. बराबर हाय." हसून म्हणाले, पण त्यानंतर गावी जाणं त्यांनी कमीच केलं.

निवृत्तीनंतर ते फार जगले नाहीत. दहाव्याला मी गावी गेलो. भाऊ मला बाजूला कालव्याच्या कडेला घेऊन गेला. आधी माझ्या पाठीमागे कुणी नाही ना ते पाहिलं आणि हळूच म्हणाला, "खरं सांगा. त्यानं गठ्ठा सोडला होता का?"

"नाही. मांडायच्या दिवशी मीच सुतळी कापली. मामांच्या गाठीखालची छापखान्याची गाठ जशीच्या तशी होती."

"मंजे त्याला ठावच नव्हतं."

"नव्हतं."

"मग इकू नको म्हन्ला, ते..."

फाट्याचं पाणी दुसऱ्याच्या उसाला चाललं होतं.

"आन् भाकरी?" त्याने पाण्याकडे बघतच विचारलं. "खाल्ल्या का त्यानं?"

"गाठ न बघता," मी म्हणालो.